थर्माकोलच्या पेटीतले हवामान

उबवणीला ठेवलेले कोंबडीचे अंडे पहिल्या १८ दिवसांत मूळ वजनाच्या ११ ते १४ टक्के हलके होते. हे घटलेले वजन म्हणजे जवळजवळ निव्वळ पाणी. ते वाफ होऊन कवचातल्या छिद्रांवाटे निघून जाते, आणि कवच दिसायला कितीही गुळगुळीत असले तरी त्याला दहा हजारांच्या आसपास छिद्रे असतात. हर्मन रान, आमोस आर आणि चार्ल्स पॅगनेली या शास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे ६० ग्रॅमचे अंडे २१ दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेते, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि ११ लिटर पाण्याची वाफ सोडते. घरी अंडी उबवणाऱ्याचे काम एवढेच, की ही वाफ फार घाईने जाऊ नये आणि फार रेंगाळूही नये. प्रत्यक्षात तो अंड्यांना पाणी पाजायला बसतो. अंड्याला पाणी द्यायचे नसून त्याच्याकडून काढून घ्यायचे आहे, तेही बेताबेताने, ही गोष्ट माणसाच्या पाहुणचारी स्वभावात बसत नाही, आणि घरगुती उबवणीतले बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

पाणी जायला हवे, याला कारण आहे. पिल्लू बलकातली चरबी जाळून वाढते आणि चरबी जळताना पाणी तयार होते. ते आतच साठले तर पिल्लू पाणावून फुगते. शिवाय जेवढे पाणी जाते तेवढी जागा अंड्याच्या रुंद टोकाला मोकळी होते आणि तिथला हवेचा कप्पा मोठा होत जातो. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पडदा फोडते आणि आयुष्यातला पहिला श्वास या कप्प्यातून घेते. कप्पा लहान राहिला तर हवेऐवजी पाणीच नाकात जाते आणि पहिला श्वास शेवटचा ठरतो. उलट पाणी जास्त गेले तर कप्पा ऐसपैस होतो, पण पिल्लू खुरटते, आणि बाहेर पडायच्या वेळी पडदा वाळून त्याच्या अंगाला असा चिकटतो की मान वळवायलाही जागा उरत नाही. वर्षाचे पापड घालणाऱ्यांना हा प्रश्न न समजावता समजतो : ओला राहिला तर बुरशी, कडकडीत झाला तर चुरा, आणि मधली वेळ ओळखायची ती बोटाने. अंडे मात्र बोटाने चाचपून कळत नाही.

खुडूक कोंबडीला यातले काहीच ठाऊक नसते. ती दहा-बारा अंडी पोटाखाली घेते, ती चोचीने दिवसातून बऱ्याचदा फिरवते, एकदा पंधरा-वीस मिनिटे दाणापाण्याला उठते आणि उरलेला वेळ जवळ येणाऱ्याला टोचण्यात घालवते. तिच्या डालग्यात पाण्याची वाटी नसते. असे असताना यंत्राची गरज का पडावी, तर वेळापत्रकामुळे. माणसाला अंडी उबवायची असतात तेव्हा कोंबडी खुडूक नसते, आणि कोंबडी खुडूक होते तेव्हा घरातली अंडी नेमकी आम्लेटात गेलेली असतात. ही अडचण जुनी आहे. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवण्याची विद्या दोन हजारांहून अधिक वर्षांची आहे. तिथले कारागीर अंडे पापणीला लावून त्याची ऊब जोखत. फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने कुजणाऱ्या खताच्या उबेवर, पिंपांत अंडी ठेवून हा उद्योग करून पाहिला आणि १७४९ साली त्यावर ग्रंथच लिहिला. खताच्या ढिगाऱ्यात पिंप पुरून रोज त्यात डोकावणाऱ्या या थोर माणसाच्या घरच्यांचे म्हणणे काय होते, याची नोंद ग्रंथात शोधण्यात अर्थ नाही. ते आजच्या घरांवरून सहज कळते.

मराठी घरातले उबवणी यंत्र बहुधा थर्माकोलच्या पेटीतून जन्माला येते. पेटी औषधाच्या दुकानातून मागून आणलेली असते, नाहीतर मासळीवालीकडून. दुसऱ्या जातीच्या पेटीकडे घरातले मांजर २१ दिवस अढळ श्रद्धेने पाहत बसते. आत पिवळा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधून उचकटलेला पंखा, स्वस्तातला डिजिटल थर्मोस्टॅट, झाकणात बसवलेली काच आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी. ही वाटी ज्या दिवशी स्वयंपाकघरातून नाहीशी होते, त्या दिवशी घराला प्रकल्पाची अधिकृत माहिती मिळते. तापमानाची जबाबदारी थर्मोस्टॅट घेतो. पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस हा आकडा लावला की तो बल्ब लावत-विझवत बसतो. आर्द्रतेला मात्र या पेटीत कोणी वाली नसतो. ते खाते माणसाकडे येते, आणि माणूस ते मंत्रिपद मिळाल्याच्या उत्साहाने स्वीकारतो.

खाते हाती घेण्यापूर्वी एक खात्री करून घेणे बरे. किराणा दुकानातल्या ट्रेमधल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. ती घालणाऱ्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. अशा अंड्यांची आर्द्रता २१ दिवस दशांश चिन्हापर्यंत सांभाळणारे लोक आहेत, आणि त्यांच्या चिकाटीला दोष देता येत नाही. उबवायला अंडी लागतात ती कोंबड्याबरोबर राहणाऱ्या कोंबड्यांची, आठवड्याच्या आतली, निमुळते टोक खाली ठेवून थंड जागी साठवलेली आणि न धुतलेली. धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो, छिद्रे उघडी पडतात, अंड्यातले पाणी वाजवीपेक्षा भराभर उडते आणि जंतूंनाही आत शिरायला वाट मिळते. अंड्याला लागलेली थोडीशी घाण पाहून ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांनी हे काम घरातल्या कमी टापटिपीच्या माणसाकडे सोपवावे.

आर्द्रतेचे पुस्तकी आकडे सोपे आहेत. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. याखेरीज एक कोरडा पंथ आहे. तो पहिले १८ दिवस पेटीत पाणी जवळजवळ ठेवतच नाही, ३०-४० टक्क्यांवर समाधानी असतो आणि शेवटच्या तीन दिवसांत पाणी भरतो. दोन्ही पंथांची पिल्ले निघतात. दोन्ही पंथांची निघत नाहीतही, आणि मग दोन्हीकडचे लोक एकच स्पष्टीकरण देतात की समोरच्याने पद्धत नीट पाळली नाही. अंड्याला पंथाशी कर्तव्य नसते. त्याचे वजन ठरल्या प्रमाणात घटले की ते खूश असते; जाड कवचाच्या अंड्याला थोडी कोरडी हवा मानवते, पातळ कवचाच्या अंड्याला थोडी दमट. एकाच पेटीत चार घरची अंडी गोळा केली की त्यांतल्या निदान काहींवर अन्याय होणार, हे गृहीत धरूनच चालावे लागते.

हे टक्के सापेक्ष आर्द्रतेचे असतात. सापेक्ष आर्द्रता म्हणजे एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, तो आकडा. हवा तापली की तिच्यात जास्त वाफ मावू लागते, पण असलेली वाफ तेवढीच राहते. म्हणून टक्का घसरतो. वाफेचा एक थेंब न काढता, न घालता, नुसता बल्ब लावून आर्द्रता निम्मी करता येते. यावर विश्वास न बसल्यामुळे अनेकांनी पेटीला भोक पडले आहे का, हे तपासण्यात अख्खा रविवार घालवला आहे.

याच हिशेबाने महाराष्ट्राचे उबवणीच्या दृष्टीने तीन-चार वेगवेगळे देश होतात. जुलैतल्या रत्नागिरीत बाहेरची हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ९० टक्के असली, तर तीच हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता सुमारे ५३ टक्के होते. म्हणजे नेमकी पुस्तकातली. कोकणातल्या माणसाने पावसाळ्यात पाण्याची वाटी भरली नाही, स्पंज ठेवला नाही, काही म्हणजे काही केले नाही, तर त्याचे १८ दिवस बिनबोभाट पार पडतात. पण पुस्तकात वाटी लिहिलेली असते, म्हणून वाटी ठेवली जाते. मग आकडा सत्तरीकडे सरकतो, अंड्यांतले पाणी अंड्यांतच राहते, आणि शेवटी पेटीतून पाणावलेली, उशिरा फुटलेली, बेंबी न मिटलेली पिल्ले निघतात. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत म्हणून कुरकुर करणारे घर त्याच हवेत अंडी लवकर सुकतील या भीतीने वाटीत पाणी ओतत असते.

डिसेंबरातल्या पुण्यात उलटा प्रकार. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता ही माणसाला सुखाची हवा. हीच हवा पेटीत तापली की तिची आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास उतरते. इथे वाटी लागते, कधी दोन लागतात. पुणेकर उबवणाऱ्याची अडचण अशी, की खोलीत त्याला काहीच कोरडे वाटत नसते. ओठ फुटले तर तो आमसुलाचे तेल लावतो, पेटीचा आकडा पाहून मात्र यंत्र बनवणाऱ्याला पत्र लिहायला घेतो.

मे महिन्यातले नागपूर ही या शास्त्राची कसोटी आहे. बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना पेटीतली हवा २० टक्क्यांच्याही खाली असते. पण मुळात तो प्रश्न नंतरचा. घरगुती थर्मोस्टॅटला बल्ब लावता येतो आणि विझवता येतो. हवा थंड करण्याची विद्या त्याच्यापाशी नसते. खोलीचेच तापमान ३७.५ च्या वर गेले की तो बल्ब विझवून स्वस्थ बसतो, आणि अंडी खोलीच्या तापमानाला शिजायला लागतात. विदर्भात यावर एकच उपाय चालतो, तो म्हणजे कूलर. कूलरमुळे खोली ३० अंशांवर आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर आली, तर पेटीत तीच हवा सुमारे ४३ टक्क्यांची होते. उरलेली कसर लहानशी वाटी भरून काढते. अर्थात पेटी कूलरच्या झोतात ठेवायची नसते, नुसती त्या खोलीत ठेवायची असते. तरीही काही घरांत पेटीला कूलरसमोरची जागा मिळते आणि वडीलधारी मंडळी पंख्याखाली सरकतात. आजोबांनी कुरकुर केली तर, "बाबा, एकवीसच दिवसांचा प्रश्न आहे," असे त्यांना सांगितले जाते.

आता आर्द्रतेचा हा आकडा दाखवणाऱ्या उपकरणाविषयी. स्वस्तातला डिजिटल हायग्रोमीटर खोटे बोलतो असे म्हणणे कठोर होईल. तो अंदाज सांगतो, पण दशांश चिन्हासह सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याची दिशाभूल होते. एका पेटीत एक हायग्रोमीटर असेल तर आर्द्रता किती आहे हे माहीत असते. दोन ठेवले की माहीत नसते. तिसरा आणला की घरात आर्थिक प्रश्न निर्माण होतो. यावरचा उपाय स्वयंपाकघरातच आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूइतके भिजवावे, विरघळू देऊ नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमीच्या तापमानाला सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. सकाळी हायग्रोमीटर ६८ दाखवत असेल तर उपकरण ७ टक्के कमी सांगते, एवढे कागदावर लिहून तो कागद पेटीला चिकटवावा. तसे न केल्यास वजाबाकी करायची की बेरीज, यावर अठराव्या दिवशी रात्री वाद होतो.

जुन्या माणसांचा मार्ग याहून विश्वासू. दोन सारखे थर्मामीटर घ्यायचे आणि एकाच्या टोकाला बुटाची धुतलेली सुती नाडी गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्यात सोडायचे. नाडीतले पाणी उडताना थर्मामीटर थंड होतो. हवा जितकी कोरडी, तितका तो खाली उतरतो. पंखा चालू असलेल्या पेटीत कोरडा थर्मामीटर ३७.५ दाखवत असताना ओला २९ वर असेल, तर आर्द्रता साधारण ५३ टक्के, ३२.५ वर असेल, तर ७० टक्के. या पद्धतीत बॅटरी संपत नाही. नाडी मात्र दर काही दिवसांनी क्षार साचून कडक होते आणि आकडा चुकू लागतो. तोपर्यंत दुसऱ्या बुटाचीही नाडी काढावी लागते, आणि ज्याचे बूट, त्याला हे शाळेच्या वेळेला समजते.

पाणी किती घालावे, या प्रश्नावर सर्वांत जास्त मते आहेत आणि त्यांतली बहुतेक वाटीच्या खोलीविषयी आहेत. खोलीचा काही संबंध नाही. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून निघते, त्यामुळे तांब्याभर पाण्यापेक्षा ताटलीभर पाणी जास्त आर्द्रता देते. आकडा वाढवायचा असेल तर पसरट भांडे, त्याहून वाढवायचा असेल तर भांड्यात उभा केलेला स्पंज. कमी करायचा असेल तर लहान वाटी. पाणी कोमट असावे, कारण थंड पाणी आधी तापण्यात वेळ घालवते आणि तोवर आकडा हलत नाही. इथे खरी परीक्षा असते ती धीराची. वाटी बदलल्यावर परिणाम दिसायला तासभर तरी द्यावा लागतो. पण पी हळद नि हो गोरी या न्यायाने पाच मिनिटांत झाकण उघडून पाहिले जाते. झाकण उघडताच दमट हवा बाहेर पळते, आकडा ३० वर येतो, तो पाहून आणखी पाणी ओतले जाते, झाकण लागल्यावर आकडा ७५ वर चढतो, मग वाटी काढण्यासाठी पुन्हा झाकण उघडले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस फार मेहनती वाटतो.

फवारणीचा एक वेगळा विषय आहे. बदकाची अंडी उबवताना अनेक जण त्यांवर कोमट पाणी फवारतात. बदकीण पाण्यातून ओल्या पिसांनी घरट्यात येते, हे त्यामागचे तर्कशास्त्र. कोंबडी पोहायला जात नाही. तरी इस्त्रीची फवारणीची बाटली घरात आहे, आणि आजी म्हणते, "अरे, एवढ्या उन्हात जरा शिपका तरी मार त्यांच्यावर, जीव आहे तो," एवढ्या दोन कारणांवर कोंबडीच्या अंड्यांनाही आंघोळ घडते. ओल्या कवचावरून जंतू छिद्रांत शिरतात. आजीला हे पटवण्यापेक्षा बाटली लपवणे सोपे.

आर्द्रता वाढवण्याचा आणखी एक लोकप्रिय मार्ग म्हणजे पेटीची हवेची भोके सेलोटेपने बंद करणे. आकडा सुरेख वाढतो. मात्र साठ ग्रॅमचे एक अंडे ६ लिटर प्राणवायू घेते, तर २४ अंड्यांना २१ दिवसांत दीडशे लिटरच्या जवळपास लागतो, आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या दिवसांत. कोंडलेल्या पेटीत आर्द्रता आदर्श आणि पिल्ले निपचित, असे चित्र मिळते. भोके उघडी ठेवून पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा.

आकड्यांच्या या खेळात खरा न्यायाधीश वजनकाटा असतो, आणि तो केक करण्यासाठी घरात आलेलाच असतो. गावरान अंडे ४५ ग्रॅमचे धरले तर ते रोज ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही घटत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्याला ते कळत नाही. म्हणून सगळी अंडी एकदम तोलावी. २४ अंडी १०८० ग्रॅम भरली, तर १८ दिवसांत १२ टक्क्यांच्या हिशेबाने १३० ग्रॅम जायला हवेत, म्हणजे रोज सात ग्रॅमच्या थोडे वर. सातव्या दिवशी काटा १०३० च्या आसपास हवा. १०५० असेल तर पेटी फार दमट आहे, पाणी कमी करावे. १००० असेल तर कोरडी आहे, वाढवावे. बाकी कोणाचे काही ऐकू नये. सातव्या दिवशी उजेडात पाहून तीन वांझ अंडी बाहेर काढली असतील, तर त्यांचे मूळ वजनही हिशेबातून वजा करायचे असते. हे विसरून एका दिवसात सव्वाशे-दीडशे ग्रॅम घट निघाली की घरात घबराट उडते आणि पेटीत परात येते.

उजेडात पाहणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाशी मोबाइलचा टॉर्च धरणे. अंधारी खोली म्हणून बाथरूमची निवड होते, आणि सकाळी घाईच्या वेळी आतून कडी लावून माणूस इतका वेळ काय करतो, याचे खरे उत्तर कोणाला खरे वाटत नाही. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी हवेच्या कप्प्याची कड कवचावर पेन्सिलने आखावी. अठराव्या दिवशी कप्पा अंड्याच्या साधारण एक तृतीयांश भागापर्यंत पोचलेला असावा. त्याहून बराच लहान असेल तर उरलेल्या वेळात फारसे काही करता येत नाही.

अंडी फिरवण्याची कथा थोडक्यात : दिवसातून निदान तीन वेळा, अठराव्या दिवसापर्यंत, त्यानंतर नाही. वीज जाण्याचीही थोडक्यात : गर्भ काही तासांची थंडी सोसतो, उष्णता सोसत नाही, पेटीवर गोधडी टाकावी आणि झाकण उघडू नये. महावितरणला फोन लावण्याने पेटीतल्या आर्द्रतेवर परिणाम होत नाही.

अठराव्या दिवशी पाण्याचे भांडे मोठे करून आकडा ६५ ते ७० वर नेला की पेटी बंद होते ती पिल्ले निघेपर्यंत. या तीन दिवसांना हौशी लोक लॉकडाऊन म्हणतात. त्याचे नियम सगळ्यांना पाठ असतात आणि मोडायची कारणेही. आतापर्यंत पाणी जाऊ द्यायचे होते. आता पडदा ओला आणि लवचीक राहायला हवा, कारण पिल्लू त्यातून वाट काढणार असते. विसाव्या दिवसाच्या सुमारास बंद अंड्यातून चिवचिव ऐकू येते. हा आवाज नातेवाइकांना ऐकवण्यासाठी मोबाइल पेटीला लावला जातो, आणि आवाज नीट येत नाही म्हणून झाकण किलकिले केले जाते. मग कवचाला पहिला तडा जातो. त्यानंतर बराच वेळ काहीही होत नाही.

हा बराच वेळ १२ तासांचा असू शकतो, २४ तासांचाही. एवढ्या वेळात पिल्लू फुप्फुसांनी श्वास घ्यायला शिकत असते, पडद्यातल्या रक्तवाहिन्या रिकाम्या होत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. बाहेरून मात्र ते अडकल्यासारखे दिसते, आणि काचेला नाक लावून बसलेल्या माणसाला राहवत नाही. "बिचारं दमलंय हो, जरा टवका काढून द्या ना," अशी शिफारस येते. टवका काढताच तीन गोष्टी घडतात : झाकण उघडल्यामुळे आर्द्रता कोसळते, अजून जिवंत असलेल्या रक्तवाहिन्या तुटून रक्त येते, आणि शेजारच्या ज्या चार अंड्यांना नुकतेच तडे गेले आहेत त्यांचे पडदे वाळून पिल्लांना आवळतात. एका पिल्लाला मदत करून चार अडकवण्याचा हा प्रकार इतका नियमित घडतो, की पाचव्याला मदत करणारा माणूस आपल्या मदतीवाचून कोणी बाहेर येऊच शकत नाही अशा निष्कर्षाला येतो. खरोखर मदत लागणारे पिल्लू असते, पण ते तडा गेल्यावर पूर्ण दिवस उलटूनही काही हालचाल न करणारे असते.

एकदा दोन-तीन पिल्ले बाहेर पडली की त्यांच्या ओल्या अंगांमुळे आर्द्रता आपोआप ८० च्या घरात जाते आणि काच धुरकट होते. हे बिघाडाचे लक्षण नाही. नेमके पाहण्यासारखे काही घडत असताना काच धुरकटावी, याला इलाज नाही. ती आतून पुसायची नसते. पिल्ले सुकून फुलारेपर्यंत पेटीतच ठेवावीत. पोटातल्या बलकावर ती ४८ तास सहज काढतात, म्हणून निघाल्याबरोबर कणी चारण्याची धावपळ करू नये. सगळी सुकली की ती बल्बाच्या उबेत, ३५ अंशांच्या खोक्यात हलवावीत. इथे घरातल्या लहान मुलांचा काळ सुरू होतो आणि आर्द्रतेचा संपतो.

जी अंडी तेविसाव्या दिवसापर्यंत फुटली नाहीत, ती घराबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून फोडावीत. हे काम कोणाला आवडत नाही, पण हायग्रोमीटरपेक्षा खरी माहिती इथे मिळते. पिल्लू पूर्ण वाढलेले, फुगलेले, भोवती पाणी आणि हवेचा कप्पा चिंचोळा असेल, तर पहिले १८ दिवस फार दमट गेले. पिल्लू लहान, पडदा कोरडा आणि अंगाला घट्ट, कप्पा मोठा असेल, तर ते दिवस कोरडे गेले. पडद्याला चोच लागून गेलेली, कप्पा योग्य आणि तरी पडदा वाळलेला असेल, तर शेवटच्या तीन दिवसांत झाकण कोणीतरी उघडत होते. हा शेवटचा निष्कर्ष घरात मोठ्याने वाचू नये.

मग पेटी. थर्माकोलच्या सांदीत पिसे, कवचाचे तुकडे आणि एक विशिष्ट वास अडकून बसतो. आतून साबणाच्या पाण्याने पुसून, पातळ ब्लीचचा हात फिरवून ती उन्हात पालथी घालावी आणि पुरती वाळल्याशिवाय पुढची अंडी लावू नयेत. वाटी घासून फडताळात परत ठेवायला हरकत नाही. स्पंज फेकून द्यावा. तो स्वच्छ धुऊन ओट्यावर परत ठेवल्याची उदाहरणे आहेत, आणि अशा घरांत दुसरी खेप लावायला पुढे बरीच वर्षे परवानगी मिळत नाही.